रमजानच्या वर्णनांतील हरवलेला दिवस

मराठी वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून रमजानविषयी जे लेखन दरवर्षी प्रसिद्ध होते, त्याचा आता एक साचाच बनून गेला आहे. चंद्रदर्शनाच्या वार्तेने त्याचा आरंभ होतो. मग मुंबईतील मिनारा मशिदीच्या परिसरातली रात्रीची वर्दळ येते, खजुरांच्या राशी येतात, निहारी, मालपुवा आणि फिरनी येते. मध्यंतरी कोणा पुढाऱ्याने योजलेल्या इफ्तारीचे छायाचित्र येते. आणि शेवटी शिरखुर्म्याच्या वाटीशी लेख येऊन थांबतो. हे लेखन आकसाने केलेले असते असे मुळीच नाही. पुष्कळदा ते जिव्हाळ्याने लिहिलेले असते, आणि शेजाऱ्याच्या घरचा सण आपल्या भाषेत मांडण्याची त्यात मनापासूनची इच्छाही असते. तथापि, असे दहा-वीस लेख एकापुढे एक ठेवून वाचले असता एक चमत्कारिक उणीव ध्यानात येते. ज्या आचाराचे सारे मर्म पहाट आणि सूर्यास्त यांच्या मध्ये घडते, त्याचे वर्णन हे लेख सूर्यास्तानंतर सुरू करतात. दुपारी दोन वाजता रोजेदार काय करीत असतो, कोठे असतो, कोणाशी बोलत असतो, याविषयी त्यांत एक वाक्यही सापडत नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. कारण ही उणीव केवळ वार्ताहरांच्या घाईमुळे उत्पन्न झालेली नसून तिची काही मुळे आपण वापरतो त्या शब्दांत आहेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम ‘रोजा’ हा शब्दच घेऊ. तो फारसीतून आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशी ‘रोज’, म्हणजे दिवस, हा शब्द आहे. आणि त्याहून मागे गेल्यास प्राचीन इराणी भाषेतील प्रकाशवाचक शब्दाशी आपण पोहोचतो. संस्कृतातील ‘रुच्’ हा धातू आणि ‘रोचिस्’ हे नाम ही त्याचीच सगोत्र होत. मराठीला हा ‘रोज’ किती जवळचा आहे हे सांगावयास नको. रोजगार, रोजंदारी, रोजनिशी, रोजकीर्द, रोजमुरा ही सारी त्याचीच संतती. राज्यव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत अनेक फारसी शब्दांवर गंडांतर आले. ‘रोज’ मात्र टिकून राहिला, बहुधा तो परका आहे हे कोणास जाणवलेच नाही म्हणून. म्हणजे रोजा आणि रोजंदारी ही एकाच घरातली भावंडे आहेत. एक दिवसभराचा संयम सांगते, दुसरे दिवसभराच्या कष्टाचा मोबदला. रोजंदारीवर काम करणारा माणूस रोजा धरतो तेव्हा ही भावंडे एकाच देहात भेटतात. रमजानसंबंधीच्या लेखनाने ज्या भेटीचे वर्णन करावयास हवे ती हीच. आणि नेमकी तीच त्यातून गळून जाते.

फारसी शब्द असा दिवसाचा आहे. अरबीतील ‘सौम’ हा शब्द निराळी दिशा दाखवितो. त्याचा मूळ अर्थ थांबणे, आवरून धरणे असा असून तो अन्नापुरता मर्यादित नाही. कुराणात मरियमच्या कथेत तोच शब्द मौनाच्या नवसाला लाविला आहे. आणि आपण ज्या शब्दाने या दोहोंचे भाषांतर करतो तो ‘उपवास’ हा तर मुळात स्थानाचा शब्द आहे. ‘उप’ आणि ‘वस्’, म्हणजे जवळ राहणे. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमानाने अग्नीच्या सान्निध्यात राहावयाचे, त्यावरून हा शब्द व्रताकडे आला. पालीतील ‘उपोसथ’ त्याचाच भाऊबंद. अर्थात रोजच्या वापरात व्युत्पत्ती कोणी मनात बाळगीत नाही, आणि शब्दाचा अर्थ त्याच्या कुळावरून ठरविणे हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी करू नये असा प्रमाद होय. प्रश्न आजच्या वापराचा आहे. आजच्या मराठीत ‘उपवास’ म्हटले की पहिला प्रश्न कोणता उमटतो? ‘काय चालते?’ साबुदाणा चालतो, शेंगदाणे चालतात, वरी चालते. कांदा चालत नाही. मराठी उपवासाचे व्याकरण हे पदार्थांचे व्याकरण आहे. म्हणून तर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही थट्टा आपल्याला सुचू शकली. रोज्याच्या बाबतीत ‘काय चालते’ या प्रश्नाला उत्तरच नाही. तेथे प्रश्न ‘केव्हा’ हा आहे. सूर्यास्तानंतर, एरवी जे जे खाण्यास मोकळीक आहे ते ते सर्व चालते. सूर्यास्तापूर्वी पाण्याचा घोटही चालत नाही. पदार्थांच्या कोष्टकाची सवय झालेल्या वर्णनकाराने काळाच्या या कोष्टकासमोर उभे राहिल्यावर ‘निर्जळी उपवास’ असे लिहून पुढच्याच वाक्यात पदार्थांकडे वळावे, यात मग नवल कसले?

मराठीजवळ काळाचा उपवास नाहीच, असे मात्र समजू नये. धर्मशास्त्रात ‘नक्त’ नावाचे व्रत आहे. दिवसा काही न खाता रात्री भोजन करणे एवढाच त्याचा विधी. श्रावणी सोमवारचा उपवास संध्याकाळी सोडण्याची चाल त्याच जातीची आहे. येथे एक लहानशी गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. महाराष्ट्रातील कितीतरी शाळा श्रावणी सोमवारी दुपारीच सुटत असत. अर्ध्या दिवसाच्या त्या सुट्टीचे सुख आजच्या प्रौढांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. म्हणजे संस्थेच्या घड्याळाने उपवास करणाऱ्याच्या घड्याळाशी जुळवून घेतल्याचे उदाहरण आपल्याच अनुभवात आहे. ‘नक्त’ हा शब्द आज मृतप्राय झाला असल्याने रोज्यासाठी तो सुचवावा असे मी म्हणणार नाही. ‘रोजा’ हा शब्द मराठीत आहे, तो पुरेसा आहे, आणि त्याला ‘उपवास’ म्हणून समजावून सांगण्याची गरज आता उरलेली नाही.

क्रियापदांचीही थोडी कथा आहे. उर्दूत रोजा ‘ठेवला’ जातो आणि संध्याकाळी ‘उघडला’ जातो. ‘तोडणे’ हे क्रियापद रोजा अवेळी भंगला तर वापरतात. मराठीत हाच भेद ‘सोडणे’ आणि ‘मोडणे’ यांनी नेमका दाखविता येतो. उपवास सोडणारा आणि उपवास मोडणारा यांत आपली कोणतीही आजी कधी गफलत करणार नाही. असे असूनही इफ्तारीच्या वर्णनात ‘रोजा तोडला’ हे वाक्य अधूनमधून छापलेले दिसते, ते परभाषेतील वाक्य न पारखता उचलल्यामुळे. दिवसभर निष्ठेने पाळलेल्या गोष्टीचा भंग झाल्याची वार्ता अशा प्रकारे कौतुकाच्या सुरात दिली जाते! याहून सूक्ष्म भेद वाक्यरचनेत आहे. ‘मला आज उपवास आहे’ असे आपण म्हणतो. ‘मला सुट्टी आहे’, ‘मला ताप आहे’ ही त्याच घडणीची वाक्ये. तिथी आली, तिने मला उपवास दिला. उर्दूभाषक मात्र आपण रोज्याने आहोत अशा अर्थाची रचना करतो. त्यात रोजा ही माणसाची त्या वेळेपुरती अवस्था होते, ती पहाटेपासून त्याच्याबरोबर चालते, त्याच्याबरोबर आगगाडीत चढते, कचेरीत बसते. या रचनेला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. तो नसल्यामुळेच की काय, ही अवस्था आपल्या वर्णनात उतरत नाही.

पण सारा दोष शब्दांवर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या भाषांना हे शब्द जन्मतः लाभले आहेत त्यांतील लेखकही पुष्कळदा दिवस ओलांडून पुढे जातात. मराठी वाचकांच्या परिचयाचे सर्वात जवळचे उदाहरण म्हणजे प्रेमचंदांची १९३३ मधील ‘ईदगाह’ ही कथा. तीस रोज्यांनंतर ईद उजाडली आहे, एवढ्या उल्लेखात तिथे सारा महिना मागे पडतो. कथेला ईदचीच सकाळ हवी आहे, तेव्हा याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तरीही प्रेमचंदांची नजर इतकी चोख की, ओलांडलेल्या त्या महिन्याच्या दोन खुणा त्यांनी मागे ठेवल्याच. मुलांपैकी कोणी एकच रोजा धरला, आणि तोही दुपारपर्यंतच, ही पहिली खूण. दुपार हा रोज्याचा कठीण चढ आहे हे लेखकाने विनोदाच्या ओघात सांगून टाकले. दुसरी खूण अधिक खोल आहे. हमीदच्या आजीच्या, अमीनाच्या, घरात ईदच्या दिवशी दाणा नाही. सगळे गाव ज्या दिवशी उपासातून बाहेर येते, त्या दिवशी अमीना उपासातच आहे. मग तिचे ते तीस दिवस कसे गेले असतील? ज्या घरात संध्याकाळच्या घासाची शाश्वती नाही तेथे रोजा आणि भूक यांतील सीमारेषा कोठे काढावयाची? हमीदच्या चिमट्यावर आजवर विपुल लिहिले गेले आहे. अमीनाच्या या तीस दिवसांवर लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही.

जेथे रोजा हा बहुसंख्यांचा नित्याचार आहे अशा देशातील लेखन तपासले तर काय दिसते, हे पाहण्यासाठी कैरोकडे वळणे सोयीचे आहे. एडवर्ड लेन या इंग्रज विद्वानाने १८३६ साली इजिप्तच्या लोकांच्या चालीरीतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रमजानच्या दिवसाचे एक फार मार्मिक निरीक्षण आहे. एरवी रस्त्याने जाणाऱ्यांच्या हाती चिलमीची नळी असे. रमजानात ते हात सूर्यास्तापर्यंत रिकामे दिसत, किंवा त्यांत काठी वा जपमाळ असे. लेन परका होता, त्याच्या अनेक मतांशी आज कोणी सहमत होणार नाही. पण रिकामा हात पाहणारा हा माणूस दिवसा रस्त्यावर उभा होता, हे मान्य केले पाहिजे. आमच्या वार्ताहरांना हात दिसतो तो खजूर उचलणारा.

इहसान अब्दुल कुद्दूस यांच्या १९५७ मधील ‘आमच्या घरात एक माणूस’ अशा अर्थाच्या शीर्षकाच्या अरबी कादंबरीत (तिच्यावर १९६१ साली निघालेल्या चित्रपटात उमर शरीफ यांनी नायकाची भूमिका केली) रमजानचा उपयोग कथानकाच्या खिळीसारखा केला आहे. इंग्रजधार्जिण्या राजकारण्याचा वध करणारा क्रांतिकारक तरुण रुग्णालयातून निसटतो, तो पहारेकरी सूर्यास्ताच्या जेवणात गुंतलेले असताना. सारे शहर एकाच क्षणी एकाच कृतीत मग्न असते आणि त्या क्षणापुरते राज्ययंत्र आंधळे होते, ही कल्पना मोठी चतुर आहे. परंतु येथेही महत्त्व त्या क्षणाचेच; पहारेकऱ्याने त्या क्षणाची वाट कशी पाहिली हे कादंबरीला नको आहे.

ते हवे असेल तर नगीब महफूज यांच्या ‘खान अल-खलीली’ या १९४० च्या दशकातील कादंबरीकडे जावे लागते. मूळ अरबी वाचण्याइतकी माझी तयारी नसल्याने मी ती रॉजर ॲलन यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली, हे प्रांजळपणे सांगतो. १९४१ चा सप्टेंबर. कैरोवर विमानहल्ले होत आहेत. अहमद आकिफ नावाचा, चाळिशीला आलेला एक सरकारी कारकून आईवडिलांसह जुनी वस्ती सोडून हुसेन मशिदीच्या छायेतल्या मोहल्ल्यात राहावयास येतो, आणि थोड्याच दिवसांत रमजान लागतो. आई सणाच्या पदार्थांची तयारी मांडते तर मुलाला युद्धकाळातल्या महागाईची धास्ती. पण महफूज तेथे थांबत नाहीत. कॉफी आणि सिगारेट यांवर ज्याचा दिवस तोललेला आहे असा हा कारकून रोज्याचा दिवस कसा ढकलतो, हे ते दाखवितात. सूर्यास्तापूर्वीचा तो शेवटचा लांबलेला वेळ, ज्यात वाचन होत नाही, झोप येत नाही आणि घरात स्वयंपाकाचा गंध पसरलेला असतो, तो त्यांनी नुसता सांगितला नाही, तर कथेला वळण देण्यासाठी राबविला आहे. याच रिकाम्या वेळी अहमद खिडकीशी येतो, याच वेळी समोरच्या घरातील नवाल त्याच्या दृष्टीस पडते, आणि त्याच्या सुकलेल्या आयुष्यात एक आशा शिरते. रोज्याने निर्माण केलेली पोकळी हीच येथे कथेची जन्मभूमी आहे. अहमद हा काही मोठा भक्त नव्हे. तो चिडतो, कंटाळतो, आपल्याच विद्वत्तेच्या भ्रमात असतो. पण म्हणूनच त्याचा रोजा खरा वाटतो. श्रद्धेचा गौरव करण्याच्या भरात श्रद्धावंताचा कंटाळा झाकून ठेवावा लागतो, ही समजूत महफूज यांनी खोटी ठरविली आहे.

आधुनिक जीवनात हा दिवस अधिकच अवघड झाला आहे, आणि त्याविषयीचे वादही बहुतांशी शब्दार्थाचे आहेत. १९६० साली ट्यूनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी देशाच्या उत्पादनासाठी कामकऱ्यांनी रोजे सोडावेत असे आवाहन केले, तेव्हा मागासलेपणाविरुद्धचा झगडा हाही ‘जिहाद’च होय आणि योद्ध्याला जी सवलत आहे ती कामकऱ्यालाही लागू व्हावी, असा युक्तिवाद त्यांनी केला. तो धर्मपंडितांना पटला नाही, आणि बहुसंख्य जनतेलाही नाही. २००७ साली मलेशियाचा पहिला अंतराळवीर रमजानातच अवकाशस्थानकावर गेला. तेथे दर दीड तासाला सूर्य उगवतो आणि मावळतो. त्याच्यासाठी जे नियम तयार झाले त्यांत जेथून यान सुटले त्या ठिकाणची वेळ प्रमाण मानली होती. २०११ साली दुबईत बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्यावरच्या रहिवाशांनी दोन मिनिटे आणि दीडशेव्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा, असा निर्वाळा तेथील मुफ्तींनी दिला; उंचावरून सूर्य अधिक काळ दिसतो, एवढेच त्यामागचे कारण. आपल्याकडे मुंबई आणि नागपूर यांच्या सूर्यास्तात सुमारे पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणूनच प्रत्येक शहराचे वेळापत्रक वेगळे छापावे लागते. त्यातच हिजरी पंचांगात अधिक मास नसल्याने रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०३० साली तर तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल. हिवाळ्यात मुंबईचा रोजा साधारण सव्वाबारा तासांचा, तर जूनमध्ये साडेचौदा तासांच्या आसपास.

या साऱ्या तपशिलात लिहिण्याजोगे कितीतरी आहे. आखाती देशांत रमजानापुरते कामाचे तास कायद्याने कमी होतात. कोकणातून तेथे नोकरीस गेलेला माणूस गावी परततो तेव्हा त्याला दोन प्रकारच्या दुपारी ठाऊक झालेल्या असतात. पण आपल्या वर्णनांना असा साधा माणूस पुरत नाही; त्यांना वीर हवा असतो. हाशिम आमला याने २०१२ साली ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या त्या रोजा धरून, अशी दंतकथा पसरली. खुद्द आमला याने प्रवासात असल्याने आपण रोजे धरलेले नसून ते पुढे भरून काढू, असे सांगितले होते. प्रवाशाला आणि आजाऱ्याला अशी मुभा कुराणाच्या ज्या वचनांत रोजा सांगितला आहे तेथेच दिलेली आहे. ती मुभा घेणारा फलंदाज वर्णनाला नको. उपाशीपोटी त्रिशतक करणारा हवा. वीराचा दिवस लिहिला की सामान्याचा दिवस आपोआप पुसला जातो.

येथे मला माझ्याच एका चुकीची नोंद केली पाहिजे, कारण वरील दोषारोपातून मी स्वतःला वगळू शकत नाही. प्रबंधासाठी कोकणी मुसलमानांच्या बोलीचे नमुने गोळा करीत असताना मी भिवंडीत ताण्याच्या सुताला खळ देण्याच्या एका कारखान्यात गेलो होतो. तेथे त्याला सायझिंगच म्हणतात. पन्नाशीचे एक मुकादम बोलावयास तयार झाले. दुपारचे चार वाजले होते, बाष्पकाच्या उष्म्याने जीव नकोसा झाला होता. त्यांनी माझ्यासाठी चहा मागविला, ‘तुमी घ्या, मास्तर’ म्हणाले, मी घेतला. चाळीस मिनिटांच्या त्या ध्वनिमुद्रणाविषयी माझ्या वहीत शेरा आहे: ‘निवेदक अनुत्सुक. शकारसकार अस्पष्ट. वारंवार विषयांतर.’ हे विषयांतर म्हणजे त्यांनी तीनदा किती वाजले असे विचारले ते.

काही वर्षांनी बोलीतील घर्षकांवर एक निबंध लिहिण्यासाठी मी तेच मुद्रण पुन्हा ऐकावयास घेतले आणि वहीतील दिनांकावर नजर गेली: १६ जून २०१६, गुरुवार. दहावा रोजा. त्या वेळी त्यांच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेल्याला साडेअकरा तास होऊन गेले होते, आणि सूर्यास्ताला आणखी सव्वातीन तास होते. कोरड्या तोंडाने उच्चारलेले ते ऊष्म वर्ण मी बोलीचे लक्षण म्हणून प्रबंधात दाखल केले होते. तेवढा परिच्छेद आता मागे घ्यावा लागेल. पुढे त्यांची भेट झाली तेव्हा मी विचारले, ‘त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाहीत?’ ते हसले. ‘तुमी बोलीचं विचारायला आला होता,’ ते म्हणाले. त्या भेटीत त्यांनी मला नवे मुद्रण दिले, सकाळी दहा वाजता, शाबानात. दोन्ही मुद्रणे विभागाच्या संग्रहात शेजारी शेजारी ठेविली आहेत. पहिल्यावरचा ‘अनुत्सुक’ हा शब्द मी खोडला असून त्या जागी दिनांक, वेळ आणि ‘रोजा’ एवढेच लिहिले आहे.